वाचकांचे प्रश्न : एक कोरडेपणा, तीन निदानं

प्रश्न : माझं माहेर अहिल्यानगरचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक. गेले चार महिने प्रार्थनेत मन लागत नाही, शब्द नुसते ओठांवरून जातात. फादर म्हणतात, देव परीक्षा पाहतोय, धीर धरा. माहेरचे पाळकसाहेब विचारतात, एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का? प्रार्थना गटातल्या बायका म्हणतात, सैतानाचा हल्ला आहे, तीन दिवस निर्जळी उपास करा. खरं कुणाचं मानू?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, तिघंही बायबलला धरूनच बोलताहेत, पण नाडी न पाहता औषध देताहेत. परीक्षा म्हटली की माणूस गप्प सोसतो, पाप म्हटलं की स्वतःला उकरत बसतो, सैतान म्हटला की लढायला उठतो. निदान चुकलं तर कोरडेपणा तसाच राहतो, वर अपराधीपणाचा नाहीतर भीतीचा थर चढतो. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं, त्याचं पाप शोधत बसले. योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला जन्मांध दिसताच शिष्यांनीही ‘पाप कुणाचं?’ असंच विचारलं. प्रभूनं ‘याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही’ म्हणून तो प्रश्नच मोडीत काढला.

येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला अशा कोरडेपणाची तीन कारणं देतात : साधनेतली आपली हयगय, देवानं घेतलेली पारख, आणि भक्तीचा ओलावा ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. म्हणजे फादर आणि पाळकसाहेब, दोघांचं म्हणणं एकाच यादीत बसतं! सैतानालाही ते नाकारत नाहीत. मात्र त्याला गुप्तता आवडते, म्हणून मनातलं जाणत्या माणसाजवळ उघड बोला, असं ते सांगतात. उपासापेक्षा हा उपाय आधी करा.

मग कारण ओळखायचं कसं? स्पेनमधले संन्यासी क्रूसभक्त संत योहान (शुभवर्तमानवाले योहान वेगळे) यांनी तीन खुणा दिल्यात. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर कशातही नाही. तरी ‘आपण देवापासून मागे पडतोय’ ही टोचणी आहे. आणि पूर्वीसारखं चिंतन प्रयत्न करूनही होत नाही. तिन्ही एकत्र असतील तर फादरांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी. प्रार्थना नकोशी, पण मोबाइल रात्री बारापर्यंत हवासा, असं असेल तर ती सरळ हयगय. तिथे पाळकसाहेबांचा प्रश्न लागू पडतो.

पहिल्या खुणेत एक मेख आहे. कशातच गोडी नाही, झोप उडाली, भूक मेली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी. उदासीचा आजार असू शकतो हे योहानांनाही ठाऊक होतं, आणि ते सोळाव्या शतकातले.

आता रोजचं. प्रार्थनेची वेळ कमी करू नका. वीस मिनिटं बसत असाल तर बावीस बसा. इग्नेशियस थोडं जास्तच थांबायला सांगतात. रात्री दहा मिनिटं दिवसाची उजळणी करा : आभार, प्रकाशासाठी विनंती, सकाळपासून तासातासाचा आढावा, क्षमा, उद्याचा एक निश्चय आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. बहुतेकांची उजळणी आढाव्यातच अडकते आणि चुकांची वही होते. म्हणून आभार आधी, आणि नेमके : ‘आज सासूबाईंनी चहा आयता हातात दिला’ इतके नेमके.

शब्दच सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्यानं म्हणा. सहाच ओव्या : दोन तक्रारीच्या, दोन मागण्याच्या, दोन भरवशाच्या. भरवशाच्या दोन घशातून निघत नसतील तर चौथीवर थांबा. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते बायबलमध्ये आहे.

या काळात मंडळी (चर्च) बदलणं, गट सोडणं, नवस बोलणं, काही नको. कोरडेपणात जुना निर्णय फिरवायचा नाही, हा इग्नेशियसांचा सगळ्यात कामाचा नियम. निर्जळी उपास तर नकोच. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर तो जिवावर बेतेल. कॅथलिक रीतीत उपास म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण. पाण्याला बंदी नाही.

प्रश्न : इतके पंथ, इतकी मतं. पंडिता रमाबाईंचा कधी गोंधळ झाला नाही का?

उत्तर : झाला, आणि तो त्यांनी लपवला नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाले : त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) खरं का, मंडळीचा अधिकार कुठवर? पुढे हाय चर्च (अँग्लिकनांतला विधींना महत्त्व देणारा गट), बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, त्रैक्य न मानणारे युनिटेरियन, सगळे भेटले. ख्रिस्ती धर्मातच हा बाबेलचा गोंधळ पाहून मन किती चक्रावलं, हे त्यांनी 1907च्या आत्मनिवेदनात लिहिलंय. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त नव्हे. ती आठ वर्षं त्या बायबल वाचत राहिल्या आणि पटलं नाही तिथे ‘पटलं नाही’ असं लिहीत राहिल्या.