लॅब्रेडॉरच्या ऑपरेशनचा क्लेम अर्धाच आला

प्रश्न: ताई, आम्ही दादरला राहतो, आमच्या लॅब्रेडॉरच्या पायाचं ऑपरेशन झालं, बिल ४२ हजार, इन्शुरन्सवाल्यांनी एक्सेस आणि को-पे सांगून अर्धे पैसे कापले, नुसता एसेमेस आला. काय करू?

उत्तर: एसेमेसवर गप्प बसू नका हो. एक्सेस म्हणजे क्लेममधली तुमच्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, को-पे म्हणजे तुम्ही भरायचा ठरलेला टक्का, दोन्ही पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये (तपशिलाच्या पानावर) लिहिलंय तेवढंच कापायला हवं, त्यामुळे कुठल्या कलमाखाली किती कापले ते लेखी मागा. व्हेटकडून आयटमवार बिल आणि केसपेपर घ्याच, कंपनी 'जुनंच दुखणं' म्हणाली तर तोच कामी येतो. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला विमा लोकपालांचं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीचं उत्तर आल्यापासून किंवा तो महिना संपल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करा.