आजीने मतपत्रिकेवर ‘१’ का लिहिला?

प्रिय बाळा,

रविवारी कॉलवर आजी सांगत होती, की विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत तिने बटण दाबलं नाही, जांभळ्या पेनाने आकडे लिहिले. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, “आजी मशीनवर मत देते ना? मग आकडे कशाला? आणि ते वरचं सभागृह वरच्या मजल्यावर असतं का? एक सभागृह आहे तर दुसरं हवंच कशाला?” मी तेव्हा पोळ्या करत होते, नंतर सांगते म्हणाले. पण हा प्रश्न दोन वाक्यांत संपवावा असा नाही. शनिवारच्या मराठी शाळेमुळे तुला आता लांब मजकूर वाचता येतो, म्हणून लिहूनच ठेवते.

आधी मजल्याचं. ‘वरचं’ हे नुसतं नाव आहे. मुंबईत नरिमन पॉइंटला विधान भवन आहे, तिथेच विधानसभा आणि विधान परिषद दोन्ही भरतात. हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं. विधानसभेत २८८ आमदार, ते लोकांनी थेट निवडलेले. परिषदेत ७८. गंमत म्हणजे मराठीत दोघांनाही आपण आमदारच म्हणतो. फक्त विधानसभेत खुर्चीवर बसतात ते अध्यक्ष आणि परिषदेत बसतात ते सभापती. बातमीत ‘सभापती महोदय’ ऐकलंस की समजायचं, हे वरचं सभागृह.

तुझ्या शाळेत कॅनडाच्या सिनेटचा धडा झाला. तिथे १०५ जण, सगळे नेमलेले, वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत. आपल्याकडे तसं नाही. परिषदेत जायला पाच दारं आहेत. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात. २२ जणांना महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांचे सदस्य निवडतात. ७ जण शिक्षकांचे, ७ जण पदवीधरांचे. उरलेले १२ राज्यपाल नेमतात. निवडणूक लढवायची तर वय किमान ३० हवं, आणि एकदा गेलं की सहा वर्षं. विधानसभा विसर्जित होते, परिषद कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि तेवढे नवे येतात.

आजी पदवीधरांच्या दारातली मतदार. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असली की नाव नोंदवता येतं. पण ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही, आणि गेल्या वेळी होतं म्हणूनही येत नाही. त्यामुळे आजी दर सहा वर्षांनी लोखंडी कपाटातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढते, त्यातलं बी. ए.चं प्रमाणपत्र झेरॉक्स करून आणते, सही-शिक्का घेते आणि १८ नंबरचा फॉर्म भरते. आमच्या गल्लीत पदवी झालेली कितीतरी माणसं आहेत, पण हा फॉर्म भरणारी फार थोडी. मला याचं खरंच वाईट वाटतं. शिकलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या जागा, आणि शिकलेली माणसंच तिकडे फिरकत नाहीत.

२६ जून २०२४ला मतदान होतं. रत्नागिरीत त्या दिवसांत पाऊस कसा असतो ते तू पाहिलं आहेस. आजी छत्री घेऊन चालत गेली. आत मशीन नव्हतं, लांबलचक कागदी मतपत्रिका होती. पेनही तिथलाच वापरायचा, जांभळ्या शाईचा. आपल्या पिशवीतल्या पेनाने लिहिलं तर मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. नावासमोरच्या चौकोनात फक्त आकडा लिहायचा. सगळ्यांत आवडीच्या उमेदवाराला १, मग हवं तर २, ३, पुढे हवे तितके. १ न लिहिता नुसता २ लिहिला तर तेही मत जातं. मराठी आकडे चालतात, म्हणून आजीने आपला देवनागरी ‘१’ काढला. नेहमीसारखा, शेपटी लांब.

आता आकडे कशाला, ते. समज, १०० मतं वैध ठरली. एकाच जागेसाठी जिंकायला निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ५१ लागतात. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: अ ४५, ब ३५, क २०. मशीनवरच्या निवडणुकीत अ तिथेच निवडून आला असता. इथे नाही, कारण ५१ कोणालाच नाहीत. मग सगळ्यांत मागे असलेला क बाद होतो आणि त्याच्या २० मतपत्रिका पुन्हा उघडतात. त्यांत २ कोणासमोर लिहिलाय? १६ जणांनी ब समोर, तिघांनी अ समोर, एकाने कुठेच नाही. अ चे ४८ झाले, ब चे ५१. ब निवडून आला. म्हणून आजी २ लिहायला विसरत नाही. तिचा पहिला माणूस पडला तरी तिचं मत फुकट जात नाही, दुसऱ्याच्या कामी येतं.

आता पक्षांकडे येऊ, कारण परिषद खरी चालते ती तिथून.

आमदारांनी निवडायच्या ज्या ३० जागा आहेत, तिथे मतदार थोडे आणि गणित उघड असतं. जुलै २०२४मध्ये ११ जागांसाठी १२ उमेदवार होते आणि विधानसभेत तेव्हा २७४ आमदार. २७४ला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे १२ने भागलं की पावणेतेवीसच्या थोडं वर येतं, म्हणून निवडून यायला प्रत्येकाला २३ मतांचा कोटा. मग प्रत्येक पक्षाचे नेते कागद घेऊन बसतात. आपले आमदार किती, किती उमेदवार निवडून येतील, उरलेली मतं कोणाला द्यायची. पक्षाचा प्रतोद प्रत्येक आमदाराला सांगतो, तू १ यांना दे, २ त्यांना. प्रतोद म्हणजे पक्षाच्या आमदारांना एकत्र धरून ठेवणारा माणूस. सभागृहात मतदान असलं की तोच पक्षादेश काढतो, ज्याला सगळे व्हिप म्हणतात. तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. पण परिषदेच्या निवडणुकीत मतदान गुप्त असतं. राज्यसभेला आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, इथे दाखवत नाही. त्यामुळे मतं फुटतात.

२० जून २०२२ला हे सगळ्यांनी पाहिलं. १० जागा, ११ उमेदवार. काँग्रेसने पहिली पसंती दिलेले चंद्रकांत हंडोरे पडले आणि दुसरे उमेदवार भाई जगताप आले. भाजपचे पाचही निवडून आले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला गेले आणि महिना संपायच्या आत राज्याचा मुख्यमंत्री बदलला. परिषदेची निवडणूक लहान दिसते, पण पक्षात आत काय शिजतंय ते तिथे आधी कळतं.

मुख्यमंत्री सुद्धा या दाराने येऊ शकतो. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते. सहा महिन्यांत आमदार होणं भाग होतं. मे २०२०मध्ये ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले. त्याआधी पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना परिषदेचेच सदस्य होते.

तू विचारशील, मग लोक परिषदेला नावं का ठेवतात? पेपरात एक शब्द वारंवार येतो, ‘राजकीय पुनर्वसन’. विधानसभेला पडलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या नेत्याला पक्षश्रेष्ठी परिषदेवर घेतात, त्याला हा शब्द. ही तक्रार खरी आहे. आणि त्या १२ नेमणुका तर साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणत्या माणसांसाठी आहेत. ना. धों. महानोर या दाराने गेले होते, कवी आणि शेतकरी. ग. दि. माडगूळकरही गेले होते. अलीकडे मात्र नोव्हेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली १२ नावं राज्यपालांकडे अडकली आणि त्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांतल्या सात भरल्या. सभापतीची खुर्चीही जुलै २०२२पासून डिसेंबर २०२४पर्यंत रिकामी होती, उपसभापती नीलम गोऱ्हे काम पाहत होत्या. अशा वेळी मला सभागृहाचा राग येत नाही, त्याला असं अर्धवट ठेवणाऱ्यांचा येतो.

परिषदेच्या हातात किती आहे तेही सांगते. सरकार पाडणं तिच्या हातात नाही, अविश्वास ठराव फक्त विधानसभेत. अर्थविधेयक ती जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते. इतर विधेयक तीन महिने, आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केलं तर आणखी एक महिना. नंतर कायदा होतोच. पण तेवढ्या दिवसांत चूक सापडू शकते. तू निबंध लिहिल्यावर मी दुसऱ्यांदा वाचते ना, तेव्हा गाळलेली वेलांटी सापडते, तसंच. आणि प्रश्न विचारायला परिषदेला कोणी अडवत नाही. विरोधी पक्षनेता नियम २८९ खाली उठतो आणि म्हणतो, आजचं ठरलेलं काम बाजूला ठेवा, आधी हे ऐका. या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. २०२४च्या निवडणुकीनंतर विधानसभेत कोणत्याच विरोधी पक्षाचे एक दशांश आमदार नव्हते, म्हणून तिथे विरोधी पक्षनेता नव्हता. परिषदेत मात्र ऑगस्ट २०२५पर्यंत होता.

दुसरं सभागृह कशाला, याचं मला सगळ्यांत पटणारं उत्तर म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ ते परिषदेचे सभापती होते. कामाची मागणी करणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला सरकारने काम द्यायचं, हा विचार त्यांचा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो माणसं जगली. पैसा उभा करायला व्यवसाय कर आला. आजीच्या पगारातून तो दर महिन्याला कापला जायचा, तिच्या जुन्या पगारपत्रकांत तुला दिसेल. १९७७मध्ये कायदा झाला आणि २००५मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा आला. आजी सांगते, तिच्या लहानपणी बायका डोक्यावर घमेली घेऊन रस्त्याची खडी टाकायच्या, आणि संध्याकाळी मजुरी हातात यायची.

तेव्हा येत्या रविवारी आजीला ती पगारपत्रकं काढायला सांग. त्याच पिशवीत आहेत, प्रमाणपत्राखाली. आणि तिने २ कोणाला दिला ते मात्र विचारू नकोस. ते आजोबांनाही ती सांगत नाही.

तुझी,
आई