जत्रेच्या प्रहसनात अमेरिका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जत्रा आणि शिगम्याचे दिवस जवळ आले की हौशी मंडळांची पत्रं वाढतात. या वेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. अमेरिकेतलं राजकारण, तिथल्या बंदुका आणि काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न यांवर कुणाला प्रहसन लिहायचंय, कुणाला बसवायचंय. विषय चांगलाच आहे. पण तो ऐकीव माहितीवर उभा केला तर पहिल्याच प्रवेशात कोसळेल, कारण हल्ली गावागावात तिकडे राहून आलेलं कुणी ना कुणी प्रेक्षकांत बसलेलं असतं.

आमच्या एकांकिकेत नायक टेक्सासमधल्या दुकानात जातो, गल्ल्यावर पैसे ठेवतो आणि किराणा घ्यावा तशी बंदूक घेऊन निघतो. असंच होतं का?
(नाट्यलेखक, पेडणे)

नाही, आणि प्रत्यक्षात जे होतं ते तुमच्या प्रवेशापेक्षा जास्त बोचरं आहे. परवानाधारक दुकानदार आधी ओळखपत्र मागतो. रायफल किंवा शॉटगनसाठी वय 18 पूर्ण लागतं, पिस्तुलासाठी 21. मग गिऱ्हाईक '4473' क्रमांकाचा फॉर्म भरतं. त्यात प्रश्न असतात: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? अमली पदार्थ घेता का? घरातल्या माणसाला मारहाण केल्याची शिक्षा झाली आहे का? व्हिसा कोणता? दुकानदार ही माहिती एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला कळवतो. ही यंत्रणा 1993 च्या ब्रेडी कायद्यातून आली आणि 1998 पासून चालते. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा, देऊ नका. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत येतं. टेक्सासमध्ये त्यानंतर थांबावं लागत नाही. कॅलिफोर्नियात 10 दिवस थांबावं लागतं.

तुमचं नाट्य 'थांबा' या उत्तरात आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत पुढचं उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला बंदूक देण्याची कायद्याने मोकळीक आहे. 2015 साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या भाविकांना मारणाऱ्याला त्याचं पिस्तूल असंच मिळालं होतं. आता 21 वर्षांखालच्यांसाठी ही मुदत गरज पडल्यास 10 कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढवता येते, पण हा बदल व्हायला 2022 साल उजाडावं लागलं.

दुसरा प्रवेश दुकानाबाहेर लिहा. त्याच राज्यात राहणाऱ्या खाजगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे फॉर्म नाही की तपासणी नाही. काही राज्यांनी ही फट बुजवली आहे, टेक्सासने नाही.

तिसरा प्रवेश सरकारी कचेरीतला ठेवा. बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला 1986 च्या कायद्याने मनाई आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रातले कर्मचारी आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानाला. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे जुने कागद याच केंद्रात आलेले असतात, पण ते नाव टाकून शोधता येत नाहीत. एकेक कागद डोळ्यांनी पाहावा लागतो. हे जसंच्या तसं रंगमंचावर दाखवा, वर पदरचं काही घालू नका.

गोळीबाराच्या प्रवेशात नट घोडा दाबून धरतो आणि रायफल ताडताड चालते. बरोबर आहे ना?
(दिग्दर्शक, डिचोली)

नाही. एआर-15 धर्तीची रायफल तिथे सामान्य नागरिकाला मिळते, पण ती अर्धस्वयंचलित असते. घोडा एकदा ओढला की एक गोळी. मॅगझिनमध्ये साधारण 30 गोळ्या असतात. घोडा दाबून धरला की चालत राहते ती मशीनगन. तिच्यावर 1934 पासून कडक नियंत्रण आहे, आणि 1986 नंतर बनलेली मशीनगन नागरिकाला घेताच येत नाही. ही एक चूक केलीत तर बंदुकांचे समर्थक 'यांना काहीच कळत नाही' म्हणून तुमचं सगळं नाटक बाजूला सारतील.

अर्धस्वयंचलित रायफल मशीनगनच्या जवळपास वेगाने चालवणारा 'बंप स्टॉक' नावाचा दस्ता मात्र आहे. 2017 साली लास व्हेगासच्या हत्याकांडात तो वापरला गेला. त्यावर ट्रम्प सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली 6 विरुद्ध 3 मतांनी उठवली.

जाता जाता एक गोष्ट. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. आकडा सांगायचा तर हे दोन्ही सांगा, आणि आत्महत्यांच्या आकड्यावर विनोद करू नका.

दशावतारात संकासुर काळ्या वेशात, काळ्या मुखवट्याने येतो. त्याच धर्तीवर काळ्या अमेरिकन पात्राला तोंडाला काळा रंग लावला तर हरकत काय? आमचा हेतू वाईट नाही.
(हौशी नाट्यमंडळ, फोंडा)

हरकत मोठी आहे. रंग लावू नका. संकासुर असुर आहे, तो कुणा जिवंत समाजाची नक्कल नाही. अमेरिकेत 1830 च्या दशकात थॉमस राईस नावाचा गोरा नट बुचाचा कोळसा तोंडाला फासून 'जिम क्रो' नावाचं मूर्ख, नाचरं गुलाम पात्र करत असे. त्याचं पाहून असे खेळ करणाऱ्या मंडळ्या देशभर उभ्या राहिल्या. पुढे काळ्यांना शाळेत, गाडीत, पाणवठ्यावर वेगळं बसवणाऱ्या कायद्यांना याच पात्राचं नाव पडलं. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी तो रंग हा इतिहास सोबत घेऊनच येतो.

उपाय सोपा आहे. वेश, चाल, काम आणि संवादातून पात्र उभं करा. काळं आणि गोरं अशा दोन्ही भूमिका करणाऱ्या नटांचे चेहरे आहेत तसेच ठेवा आणि कोण कोण आहे ते सूत्रधाराकडून एकदा सांगून घ्या. आपला प्रेक्षक एवढं सहज धरतो.

शाळेतली मुलं मरतात तरी कायदा होत नाही. आम्ही सगळा दोष बंदूकवाल्यांच्या संघटनेवर, एनआरएवर टाकला आहे. पुरेसं आहे का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)

अपुरं आहे. एनआरएने पैसा ओतला हे खरं, पण तिची खरी ताकद म्हणजे फक्त याच एका मुद्द्यावर मत देणारे मतदार. आणि त्या मतदारांना बळ देते ती सिनेटची रचना. आपल्या राज्यसभेत गोव्याचा एक खासदार आणि उत्तर प्रदेशचे 31. अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोनच. वायोमिंगची लोकसंख्या 2020 च्या गणतीत 5 लाख 77 हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या दक्षिण गोवा जिल्ह्याहूनही कमी. कॅलिफोर्नियाची जवळपास 4 कोटी. दोघांचे सिनेटर सारखेच. त्यातही चर्चा थांबवून विधेयक मताला आणायचं तर 100 पैकी 60 मतं लागतात.

डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी खरेदीदारांची तपासणी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये आली. मांडणारे दोघे, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. बाजूने 54, विरोधात 46. दुरुस्ती पडली. तुमच्या नाटकाचा कळसाचा प्रवेश हाच असायला हवा: जास्त हात वर होतात आणि सभापती 'नामंजूर' म्हणतो.

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी राज्यघटनेची 1791 ची दुसरी दुरुस्ती रद्द करायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि 50 पैकी 38 राज्यं लागतात. ते नजीकच्या काळात होणार नाही. जून 2022 मध्ये, युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्यावर, दोन्ही पक्षांनी मिळून एक कायदा केला. तो मर्यादित आहे, पण झाला. तो नाटकातून वगळू नका.

शस्त्राचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे ना? मग त्यात वंशाचा प्रश्न कुठे येतो?
(निवृत्त शिक्षक, काणकोण)

कागदावर सारखा आहे. व्यवहारात पहिल्यापासून नव्हता. 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिक का मानता येत नाही याची जी कारणं दिली, त्यांतलं एक असं: नागरिक मानलं तर ते शस्त्र घेऊन कुठेही जाऊ शकतील. गुलामगिरी संपताच 1865 साली मिसिसिपीने मुक्त झालेल्या काळ्यांना परवानगीशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. 1956 साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. नाकारला गेला.

मे 1967 मध्ये ब्लॅक पँथर या काळ्यांच्या पक्षाचे लोक भरल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. तेव्हा तिथे ते बेकायदेशीर नव्हतं. त्याच वर्षी भरलेली बंदूक उघड्यावर बाळगायला बंदी करणारा मल्फर्ड कायदा झाला. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, पाठिंबा एनआरएचा. बंदूक कुणाच्या हातात आहे यावरून कायदा कसा बदलतो, हे दाखवायला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही.

2016 चं फिलँडो कॅस्टिल प्रकरण मात्र प्रहसनात आणू नका. मिनेसोटात पोलिसांनी कॅस्टिल या काळ्या माणसाची गाडी अडवली. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता आणि आपल्याजवळ बंदूक असल्याचं त्यांनी स्वतःहून, नम्रपणे सांगितलं. काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, आणि ते मारले गेले. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पोलीस निर्दोष सुटला. हे सांगायचंच असेल तर सूत्रधाराने दिवा मंद करून सरळ सांगावं.

पक्षांच्या बाबतीतही न्याय ठेवा. वंशभेदाच्या काळात दक्षिणेतलं राज्य डेमोक्रॅटांच्याच हातात होतं. 4473 फॉर्मवर खोटं लिहिल्याबद्दल 2024 साली दोषी ठरलेला हंटर बायडन डेमोक्रॅट अध्यक्षांचा मुलगा होता, आणि वडिलांनीच त्याला माफी दिली.

आपणही या गोष्टीच्या बाहेर नाही. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. ते दार 1946 साली उघडलं. तुमच्या गावात या एका प्रवेशावर सगळ्यात जास्त शांतता पसरेल.

मुलगा विद्यार्थी व्हिसावर टेक्सासला आहे. मित्र त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेणार आहेत. जाऊ द्यावं का?
(पालक, वास्को)

पाहायला जाऊ द्या, बंदूक हातात घेऊ देऊ नका. विद्यार्थी किंवा एच-1बी व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. भाड्याने घेऊन झाडली तरी ते बाळगणंच. वैध शिकार परवाना हा एक अपवाद आहे, पण तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. शिक्षा 15 वर्षांपर्यंत आहे, शिवाय व्हिसा जातो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही, आणि मित्रांचा गैरसमज इथेच होतो.

आमच्या एका नटाच्या घरी शेतीरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. रिकामी करून रंगमंचावर आणली तर?
(नाट्यमंडळ, सत्तरी)

आणू नका. परवाना ज्याच्या नावाचा आणि ज्या कामाचा, तेवढ्यापुरताच असतो. दुसऱ्याच्या हातात देऊन गर्दीत फिरवली तर गुन्हाही होईल आणि परवानाही जाईल. 'रिकामी' या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. 2021 साली न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या वेळी रिकामं समजलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून छायाचित्रणकार हलीना हचिन्स गेल्या. नुसतं बारुदाचं, गोळी नसलेलं काडतूसही मारतं. 1984 साली अमेरिकन नट जॉन-एरिक हेक्सम तसं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून उडवल्याने दगावला.

12 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर चिकटवून बंदुकीचा आकार कापा, नळीला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप लावा आणि टोक भगवं रंगवा. आवाजासाठी दोन फूट लांब, चार इंच रुंद, एक इंच जाड अशा सुक्या, टणक लाकडाच्या दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडा आणि माइकपासून फूटभर अंतरावर जोरात मिटा. लाकूड ओलं किंवा मऊ असेल तर नुसता धप्प आवाज येतो. फळी वाजवणारा विंगेत अशा जागी उभा करा की त्याला नटाचं बोट दिसेल. तो नुसत्या संवादावर अवलंबून राहिला तर आवाज हमखास उशिरा येतो. तालीम मात्र देवळाच्या आवारात किंवा हॉलमध्येच करा, ती लाकडी बंदूक घेऊन रस्त्यावर फिरू नका.