जागेपणी सिझर झालं, मग "भूल दिली" म्हणायचं का?

आपल्या इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका काकूंचा प्रश्न आहे. त्यांच्या सुनेचं सिझर झालं, ती पूर्ण वेळ जागी होती, बाळ रडलेलं तिनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुण्याच्या नणंदेला फोनवर सांगताना काकू म्हणाल्या "भूल देऊन काढलं गं बाळ", तर सून पलंगावरूनच म्हणाली, आई, भूल कुठे दिली, मी तर सगळं ऐकत होते, नुसतं सुन्न केलं होतं. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. काकूंना विचारायचंय की नीट मराठी काय, भूल, बधिर, सुन्न की आणखी काही, आणि जाता जाता हेही की सिझर म्हणायचं की सिझेरियन.

काकू, शब्दकोश उघडला तर तुम्ही चुकलेल्या नाही. पण मी सुनेच्या बाजूनी आहे, कारण या एका शब्दामुळे बायकांचं सांगणं अर्ध्यातच तोडलं जातं हे मी आपल्याच लोकांच्या घरांत पाहिलंय, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी भूल. हा शब्द मुळात मनाचा. भुलणे, भूल पडणे, भूल घालणे, भूलथापा, चूकभूल, कुठूनही पहा, चित्त ठिकाणावर नसणं हाच त्याचा गाभा. आणि ऑपरेशनच्या जगात हा शब्द आला तेव्हा तो चपखलच होता, कारण इथर काय (१८४६) किंवा क्लोरोफॉर्म काय (१८४७), हुंगवलं की माणसाची शुद्ध हरपायची, त्याला भूलच पडायची. माणूस जागा ठेवून फक्त खालचं अंग बधिर करायचं हे बऱ्याच नंतर आलं, जर्मनीतल्या कील गावी आउगुस्ट बीअर नावाच्या सर्जननी १८९८ मध्ये मणक्यातून कोकेन देऊन ऑपरेशन केलं, आणि मग तो नि त्याचा असिस्टंट यांनी ते एकमेकांवर करून पाहिलं, असिस्टंटच्या नडगीवर हातोडीसुद्धा मारली, त्याला दुखलं नाही. म्हणजे तऱ्हा नवी आली पण मराठीत शब्द तोच चालू राहिला. आता डॉक्टरही भूलतज्ज्ञच आणि त्यांनी दिलेलं सगळं भूलच, मग संपूर्ण भूल, स्थानिक भूल, कमरेखालची भूल असं पुढे विशेषण लावायचं. महाराष्ट्रात हे खपून जातं कारण तिथे ऐकणाऱ्याला विशेषण ऐकायची सवय आहे.

आपल्याकडे इंदुरात मात्र एक वेगळीच भानगड आहे. आपल्या मुली-सुना शिकल्या हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये, चोवीस तास कानावर हिंदी, आणि हिंदीत भूल म्हणजे चूक. त्यामुळे "भूल दिली" हे त्यांना आधी चूक वाटतं, मग आजीच्या तोंडचं म्हणून कळतं, आणि कळतं तेही "बेहोश केलं" एवढंच, कारण आपल्याकडे भूलतज्ज्ञाला सगळे बेहोशीवाले डॉक्टर म्हणतात, मराठी घरांत पण. मग जी बेहोश नव्हतीच तिनी ते का मान्य करावं? सून शब्दाला नाही, बेहोश होते या म्हणण्याला नाकारतेय आणि ते बरोबरच आहे.

बधिर आणि सुन्न यांत मला बधिर जास्त आवडतो, पण त्याचीही इथे तीच अडचण. संस्कृतात बधिर म्हणजे ऐकू न येणारा, त्यातूनच आपला बहिरा आला, हिंदीनी बधिर कानापुरताच ठेवला आणि मराठीनी तो कातडीला, बोटांना, हिरडीला, पार मनाला पण लावला. दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करतो हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सुन्न हा शून्यापासून आलेला, हिंदीत अंगाला लागतो, मराठीत जास्त करून मनाला आणि डोक्याला, बातमी ऐकून सुन्न झाले वगैरे. तरी इंदूरच्या मराठीत "पाय सुन्न केले" हे इतकं रुळलंय की ते चूक म्हणायची माझी तयारी नाही. पुण्याच्या नणंदेशी बोलताना बधिर म्हणा, इथे सुन्न म्हणा, दोन्ही कळेल.

पण खरी गंमत पुढे आहे. बधिर म्हणजे काहीच कळत नाही असं आपण धरतो, आणि जागेपणी सिझर झालेली कुठलीही बाई सांगेल की कळतं, बरंच काही कळतं.

माझं स्वतःचं सिझर इंदुरातच झालं म्हणून हे जवळून सांगू शकते. टेबलावर बसवून पाठ पूर्ण वाकवायला लावतात, हनुवटी छातीला, पोट तर मध्ये येतंच, सिस्टरनी खांदे धरलेले, कमरेच्या वर मणक्यांच्या मधल्या फटीत सुई जाते. मग लगेच आडवं करतात आणि एकदम तळपायांत ऊब चढते, छान वाटावी अशी, मग मुंग्या, मग पाय जड, उचला म्हटलं तर उचलत नाही. बेहोशीवाल्या मॅडमनी स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावला, "ठंडा लग रहा है?", हो लागत होतं. मग तोच बोळा पोटावर, मग बरगड्यांवर, वर वर सरकवत, "यहाँ?" आणि मी म्हटलं, लग रहा है, पर ठंडा नहीं लग रहा. त्या म्हणाल्या, बस, यही चाहिए.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. बोळा फिरतोय ते कळतंय, त्याचा गारवा नाही. याचं कारण सोपं आहे, दुखणं आणि थंड-गरम सांगणाऱ्या नसा बारीक, त्या लवकर आणि पक्क्या बंद होतात, स्पर्श आणि दाब सांगणाऱ्या नसा जाड, त्या उशिरा आणि अर्धवट बंद होतात. म्हणून गारवा तपासतात, गारवा गेला की दुखणंही गेलं असं धरता येतं. आणि ती पायांतली ऊब म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडल्याची, त्यानीच बीपी खाली येतं आणि एकाएकी मळमळतं, जीव घाबरा होतो. तेव्हा सांगायचं, ते सलाइनमधून औषध देतात, बरं वाटतं.

आता यात मराठीत अडचण कुठे येते पहा. "लागणे" हे क्रियापद आपण दोन्हीला वापरतो. थंड लागतं, ऊन लागतं म्हणजे जाणवतं, आणि "लागलं का गं?" म्हणजे इजा झाली का, दुखलं का. हिंदीत पण तसंच, कुछ लग रहा है क्या. ऑपरेशन टेबलावर पडलेल्या बाईला हे विचारलं तर ती काय उत्तर देणार? हो म्हटलं तर डॉक्टर समजणार दुखतंय, नाही म्हटलं तर ते खोटं, कारण आत काय चाललंय ते तिला कळतंय. म्हणून माझं मत आहे की इथे लागणे बाजूला ठेवून "कळतंय" आणि "दुखतंय" असे दोन वेगळे शब्द वापरावेत. मराठीकडे ही सोय फार चांगली आहे. कळ म्हणजे वेदना, पोटात कळ येते, कळा येतात, कळ सोसते, आणि कळणं म्हणजे समजणं, जाणवणं. सिझरच्या वेळी कळ नसते पण कळत असतं. वेदना शब्दाचंही असंच, विद् म्हणजे जाणणे, त्यावरून वेदना म्हणजे मुळात नुसती जाणीव, सुखाचीही. बौद्ध ग्रंथांत तो शब्द अजून त्याच रुंद अर्थानी आहे. मराठीत येता येता तो दुखण्यापुरता उरला, आणि त्याचंच घरगुती रूप वेणा, ते तर बाळंतपणापुरतंच. जाणिवेसाठी मग आपण संवेदना म्हणायला लागलो. त्या हिशोबानी भूल देण्यासाठी संवेदनाहरण हा जो पुस्तकी शब्द काढलाय तो सिझरला बसत नाही, संवेदना पूर्ण हरत नाहीच, वेदना हरते.

आणि काय काय कळतं? चिरलेलं कळत नाही, कुणीतरी पोटावर बोट फिरवल्याइतकंच. मधे पडदा, त्यामुळे दिसत काही नाही, वर नुसता तो मोठा दिवा. आवाज सगळे येतात, रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीचा, ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा, मधेच जळका वास येतो, तो रक्तवाहिन्या चटका देऊन बंद करतात त्याचा, कुणी आधी सांगितलेलं नसेल तर भीती वाटते. मग ओढाताण सुरू होते. भरलेल्या गाठोड्यात हात घालून तळाचं लुगडं ओढून काढावं आणि ते गाठोडं आपणच असावं, याहून बरं मला सांगता येत नाही. दुखत नाही पण सगळं अंग टेबलावर हलतं. बाळ बाहेर यायच्या वेळी वरून पोट जोरात दाबतात, तेव्हा छातीवर एवढा भार येतो की श्वास अडकला असं वाटतं, त्यात छाती थोडीफार बधिर झालेली असते म्हणून श्वास चालू असून तो आपल्याला जाणवत नाही. त्या वेळी कुणीतरी डोक्याशी उभं राहून "साँस चल रही है, बोल रही हो ना, मतलब चल रही है" एवढं म्हटलं तरी पुरतं. माझ्या डोक्याशी त्या मॅडमच होत्या आणि त्यांचा हात माझ्या कपाळावर होता, त्यांची मी जन्मभर ऋणी आहे. बाळ पहिल्या काही मिनिटांतच निघतं, पुढचा अर्धा-पाऊण तास वार काढायची आणि टाके घालायचे, आणि दात वाजतील अशी थंडी, हातांची थरथर थांबत नाही, तीही बऱ्याच जणींना होते. म्हणून सिझरला मी "सुटका झाली" म्हणत नाही, बाळाची होते, बाई तिथेच असते. "बाळंत झाली" म्हणावं, तो शब्द दोन्ही बाळंतपणांना चालतो.

आता सुरुवातीला जे म्हटलं होतं, बायकांचं सांगणं अर्ध्यात तोडलं जातं, ते. कधी कधी बधिर नीट होत नाही किंवा ऑपरेशन लांबलं तर असर उतरायला लागतो, आणि बाईला खरंच दुखतं, ओढल्याचं नाही, दुखतं. हे होतं, डॉक्टरांना माहीत आहे, त्यासाठी उपाय पण आहेत, वरून औषध देतात, नाहीच भागलं तर पूर्ण बेहोश करतात. पण घरी आल्यावर ती सांगायला लागली की मला दुखलं हो, तर पहिलं वाक्य काय येतं? "अगं भूल दिली होती ना, कसं दुखेल?" माझ्या नात्यातल्या एकीला हे इतक्या जणींनी ऐकवलं की तिनी सांगायचंच सोडलं. भूल म्हटलं की दुखणं, कळणं, ऐकणं, आठवणं सगळं एका झटक्यात पुसलं जातं, जणू ती तिथे नव्हतीच. आणि उलटही, जिला दुखलं नाही पण ओढाताणीनी हादरली तिला म्हणतात दुखलं तर नाही ना, मग काय झालं. म्हणून मला हा शब्द इथे नको वाटतो, काकू. तुमचा हेतू चांगलाच होता, मला माहीत आहे, तुम्हाला नणंदेला हेच सांगायचं होतं की पोरीला त्रास झाला नाही.

जागं असण्याच्या शब्दांबद्दल पण थोडं. "शुद्धीवर होती" नको, ते चक्कर येऊन पडलेल्याबद्दल म्हणतात, शुद्ध गेली होती आणि आली असा वास त्याला आहे. "जागृतावस्थेत" कागदावर ठीक, फोनवर नणंदेला कोण असं म्हणतं. "भानावर होती" याच्याशी माझं भांडण आहे, कारण जागी असूनही भान तेवढं नसतं, किती वेळ गेला कळत नाही, बाळ दाखवलं ते आठवतं पण आधी काय नंतर काय ते गुंतलेलं राहतं. साधं "जागी होते" हेच खरं आणि पुरेसं.

तर काकू, नणंदेला परत फोन कराल तेव्हा असं म्हणून पहा: "कमरेखालचं बधिर केलं होतं, ती जागी होती, दुखलं नाही पण सगळं कळत होतं." सुनेला आधी विचारून घ्या की दुखलं नाही हे खरं आहे का, नसेल तर ते वाक्य तिच्या मनासारखं करा.

राहिला सिझर. बोलताना सिझर चालतं, सगळे तेच म्हणतात, लिहिताना सिझेरियन लिहा. फक्त एक, पुष्कळ जणांना वाटतं की हा कात्रीचा सिझर, कात्रीनी कापतात म्हणून, तसं नाहीये, तो शब्द वेगळा. आणि रोमचा ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडलं ही गोष्टही खरी धरू नका, त्या काळी पोट चिरून बाळ काढायचे ते मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या बाईचं, आणि सीझरची आई ऑरेलिया तो चांगला मोठा होईपर्यंत जिवंत होती. लॅटिनमधलं "कापणे" हे क्रियापद त्यामागे असावं असं मानतात. मराठीत सी दीर्घ की सि ऱ्हस्व यावर भांडू नका, मी ऱ्हस्व लिहिते.