राउटरमध्ये क्यूओएस चालू करूनही व्हिडिओ कॉल का अडकतो?

तुमचं घर जुळे सोलापुरात, १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. क्यूओएसमध्ये, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा हे ठरवणाऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये, ऑफिसच्या लॅपटॉपला सगळ्यात वरचा नंबर दिला, तरी संध्याकाळी कॉल अडकतो आणि केबलवाले म्हणतात, प्लॅन वाढवा. हे 'प्लॅन वाढवा' ऐकलं की माझा संताप होतो. वाढवू नका. आधी कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याची, वायर कुठे खोचलीय ते बघा.

विजापूर रोडवरच्या एका घरात हेच दुखणं होतं. भिंतीवर फायबरचा डबा. त्याच्या पहिल्या पोर्टातून वायर नव्या राउटरला, दुसऱ्या पोर्टात थेट डीव्हीआर. लॅपटॉप आणि क्यूओएस दोन्ही नव्या राउटरवर. म्हणजे चार कॅमेऱ्यांचं क्लाउड रेकॉर्डिंग, प्रत्येकी २ एमबीपीएस, राउटरच्या बाहेरूनच निघून जात होतं. जे त्याच्यातून जातच नाही ते तो अडवणार कसं? डीव्हीआरची वायर काढून राउटरच्या लॅन पोर्टात लावली.

तरी अडकायचंच, कारण क्यूओएसमधल्या बँडविड्थच्या, म्हणजे लाइनच्या वेगाच्या, रकान्यात डाउनलोड आणि अपलोड दोन्हीकडे प्लॅनचा १०० हा आकडा होता. लॅपटॉपला वायर लावून रात्री नऊला मोजलं तर डाउनलोड ९४, अपलोड फक्त १८. राउटरला १०० सांगितलं की त्याला लाइन रिकामीच वाटते, तो सगळं पुढे ढकलतो. रांग मग पुढच्या डब्यात तुंबते, आणि तिथे तुमच्या लॅपटॉपला कोणी ओळखत नाही. रांग आपल्या राउटरमध्येच लागली पाहिजे. म्हणून मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के भरायचे, इथे ८० आणि १५. रकाना केबीपीएसचा असेल तर ८०००० आणि १५०००. तिथे नुसते १५ टाकले तर अख्ख्या घराचं नेट झोपतं.

आकडे भरूनही फरक दिसेना, तेव्हा हार्डवेअर एनएटी, म्हणजे राउटरचा डेटा झटपट पुढे पाठवणारा शॉर्टकट, चालू सापडलं. काही राउटरांत त्याला एनएटी बूस्ट म्हणतात. ते चालू असलं की डेटाची बरीच पाकिटं क्यूओएसला वळसा घालून जातात. बंद करून राउटर रीस्टार्ट केला.

आता तपासणी. कमांड विंडोत ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला सतत पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं, चालू ठेवा आणि मोबाइलवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. त्या घरात आधी पिंग ११ वरून ३४० मिलिसेकंदांवर जायचा, नंतर २५ च्या आसपास राहिला. तुमचा अजून उसळत असेल तर अपलोडचा आकडा थोडा थोडा खाली आणा.

आणि प्लॅनचं म्हणाल तर १०० चा २०० करा, फोटोंचा बॅकअप सुरू झाला की तो मिळेल तेवढं अपलोड भरणारच. कॉलला वेगापेक्षा वेळेवर पोचणं लागतं, हे केबलवाल्यांना कितीदा सांगायचं?

राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे रांग आपोआप आटोक्यात ठेवणारी सोय, असेल तर तेच लावा; त्यातला प्रकार केक किंवा एफक्यू-कोडेल निवडा. मग लॅपटॉपला वेगळा नंबर द्यायची गरज बहुधा पडत नाही.

एक राहिलं. हार्डवेअर एनएटी बंद केल्यावर स्वस्त राउटरचा प्रोसेसर दमतो आणि वेग बराच पडू शकतो. मोबाइलला प्राधान्य दिलं असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम मॅक (मोबाइलने आपला ओळख क्रमांक बदलून दाखवणं) बंद करा, नाहीतर नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की राउटर त्याला नवाच समजू शकतो. आणि लॅपटॉप वायफायवर असताना एकट्या राउटरला केलेला पिंगसुद्धा उड्या मारत असेल, तर दुखणं वायफायचं आहे. तिथे क्यूओएस काही करणार नाही. ५ गीगाहर्ट्झवर या, नाहीतर सरळ वायर ओढा.