आधी तिला विचार

प्रिय मित्रा,

शनिवारी रात्री चहा गार होईपर्यंत तू बोलत होतास. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा तुझा रोल-प्लेइंग खेळ, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी कुंपणात डांबलं त्या सेटलमेंटवर लिहिलेला, त्यातला हजेरीचा प्रसंग, सुपरिंटेंडेंटच्या तोंडी घातलेली जातीवरची शिवी, आणि ती ऐकून खुर्ची मागे सारून खाली निघून गेलेली मुलगी. एक जण म्हणतो प्रसंग काढून टाक. दुसरा म्हणतो खेळ आहे, झेपत नसेल त्याने येऊ नये. दोघांचं ऐकून तू माझ्याकडे आलास. तिला विचारलंस का? तासाभरात ते एकदाही तुझ्या तोंडून आलं नाही.

आधी तिला विचार. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

मी चिडून लिहितोय, पण हा राग जुना आहे, तुझ्या जन्माआधीचा. माझ्या खेळात डोंगरातली एक जमात होती, जन्मजात चोरांची. पोर चालायला लागलं की खिसा कापायला शिकतं, असं मी चवीने रंगवून सांगितलं. आम्ही वाचत होतो त्या पुस्तकांत ऑर्क नावाचे राक्षसी प्राणी म्हणजे दुष्ट, अख्खी जात दुष्ट, तसं छापलेलंच असायचं. टेबलावर पाच जण होते. त्यातला एक काहीच बोलला नाही. त्याने माझे फासे गोळा करून माझ्यापुढे ठेवले, उसनी घेतलेली पेन्सिल ठेवली, टोक माझ्याकडे येणार नाही असं फिरवून, आणि चपला घालून गेला. त्याची आजी सेटलमेंटच्या तारेआड जन्मली होती, हे मला चार महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं.

मी सोलापुरात वाढलेला. १८७१च्या कायद्यापासून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या, आपल्या गावात त्यांना कुंपणात ठेवून हजेरी घेतली गेली, ३१ ऑगस्ट १९५२ला ती माणसं विमुक्त झाली, हे सगळं मला पाठ होतं. माझी डोंगरातली जमात त्याच कायद्याची भाषा बोलत होती आणि मला ते दिसलं नाही. त्याला विचारलं असतं तर एका मिनिटात दिसलं असतं.

त्यानंतर मी काय केलं? आधी भांडलो, काल्पनिक आहे म्हणून. मग घाबरलो आणि खेळातून सगळंच काढलं. दोन वर्षं नुसते राक्षस आणि खजिना. त्यातलं एकही सेशन आज कुणाला आठवत नाही, मलाही नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या कंपनीनेही असंच केलं होतं. सैतानाची पूजा शिकवता असा गिल्ला ऐंशीच्या दशकात अमेरिकेत झाला, आणि १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत डेव्हिल, डीमन हे शब्द गेले, पुढे त्यांच्या जागी तनारी आणि बाटेझू ही नावं आली. भुतं तीच, पाटी नवी. म्हणून सांगतो, प्रसंग काढू नकोस. काढून टाकणं हा सुद्धा न विचारण्याचाच एक प्रकार आहे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. २०१८मध्ये व्हॅम्पायर नावाच्या अशाच एका खेळाच्या पुस्तकात चेचन्यातल्या समलिंगी माणसांचा खराखुरा छळ व्हॅम्पायरांच्या कारस्थानाचा भाग करून टाकला होता. माणसं तेव्हाही मार खात होती. कंपनीला माफी मागून तो भाग काढावा लागला. त्यातल्या एका माणसाला समोर बसवून ते पान वाचून दाखवता आलं असतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

तू म्हणशील, नाटकात याहून जहाल शिव्या असतात. असतात. पण हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक अंधारात असतो, शिवी रंगमंचावरच्या कुणाला तरी दिलेली असते. तुझ्या टेबलावर ती तिच्या डोळ्यांत बघून दिलीस तू, आणि उत्तर तिला स्वतःच्या तोंडाने द्यायचं होतं. शिवाय नाटकाची संहिता आपल्याकडे प्रयोगाआधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीला जाते. आपला खेळ कुणाकडेही जात नाही, आणि जाऊही नये, त्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण मग विचारायचं काम जीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, अरे!

त्यासाठी साधनं आहेत. रॉन एडवर्ड्सच्या लाइन्स अँड व्हेल्स: खेळात जे येणारच नाही ते सुरुवातीलाच ठरवायचं, आणि जे येईल पण पडद्याआड, तेही. जॉन स्टाव्ह्रोपोलसचं एक्स कार्ड: टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेला कागद, त्याला कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. तुझा मित्र याला सेन्सॉर म्हणतो. सेन्सॉर बाहेरून येतो, हा हात तुझ्याच खेळाडूचा आहे. कार्ड असतं तर ती जिना उतरून गेली नसती कदाचित.

मी त्या मुलाला कधीच विचारलं नाही. तेव्हा मोबाइल नव्हते, परीक्षा तोंडावर होत्या, घर माहीत नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. घर माहीत होतं. साखर पेठेत, माझ्या रोजच्या वाटेवर. पण मला वाटायचं, तो प्रसंग लिहायचा मला हक्क होता, आणि अजूनही वाटतं. हक्क होता, म्हणून तर जाऊन विचारायला हवं होतं.

तुझ्याकडे तिचा नंबर आहे. फोन कर, मेसेज नको. 'सॉरी'ने सुरुवात करू नकोस, ती 'ठीक आहे' म्हणेल आणि बोलणं तिथेच संपेल. कुठे थांबायला हवं होतं, एवढंच विचार. शिवी नको, हजेरी राहू दे, असं म्हणेल. किंवा म्हणेल, सुपरिंटेंडेंट मी करते, कैदी तू हो. बोलायचंच नाही म्हणाली तर तेही ऐक आणि फोन ठेव.

खेळ लिहिलेली वही फाडू नकोस. रविवारी मी घरीच आहे. तिच्याशी बोलणं झालं की ती वही घेऊन ये, त्याआधी नको.

तुझा,
काका