सिरपचा डोस: आधी १ एमएलमध्ये औषध किती ते काढा

तुमचा प्रश्न असा आहे की १२ किलोच्या मुलाला १८० एमजी पॅरासिटामॉलची ऑर्डर आहे, बाटलीवर २५० एमजी प्रति ५ एमएल लिहिलंय, तर किती एमएल द्यायचं, आणि मायक्रोग्रॅमचं एमजी करताना तुमचा गोंधळ होतो.

मी फॉर्म्युला पाठ करायच्या भानगडीत पडत नाही. आधी १ एमएलमध्ये औषध किती ते काढते. २५० भागिले ५, म्हणजे ५० एमजी. मग १८० भागिले ५०, झाले ३.६ एमएल. पण तेच सिरप १२५ एमजी प्रति ५ एमएलचं असेल तर ७.२ एमएल लागतं आणि एका एमएलला १०० एमजीवाले ड्रॉप्स असतील तर फक्त १.८, म्हणून बाटली हातात घेऊन लेबल वाचल्याशिवाय आकडेमोड सुरूच करू नका.

आता युनिट. १ एमजी म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, त्यामुळे मायक्रोग्रॅमचं एमजी करताना पॉइंट तीन घरं डावीकडे जातो. मी शिकत असताना नेमकी इथंच चुकले. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ऑर्डर १२५ मायक्रोग्रॅमची, लिक्विड ०.०५ एमजी प्रति एमएल, मी पॉइंट दोनच घरं सरकवला, १.२५ एमजी धरलं आणि उत्तर काढलं २५ एमएल. ३० एमएलचा मेडिसिन कप जवळजवळ भरलेला. सिनियर सिस्टरांनी नुसतं कपाकडे बघितलं आणि माझा हात धरला. खरं उत्तर होतं २.५ एमएल. अजूनही तो कप डोळ्यासमोर येतो.

त्यामुळे गणिताआधी अंदाज बांधायची सवय लावाच. तुमच्या उदाहरणात १८० हे २५० पेक्षा कमी, म्हणजे उत्तर ५ एमएलच्या आतच यायला हवं, जास्त आलं तर कुठंतरी चुकलंय. लिहिताना ०.५ मधलं पुढचं शून्य गाळू नका आणि ५ ला ५.० लिहू नका, घाईत तो ५० वाचला जातो. वजन पाउंडात दिलं असेल तर २.२ ने भागून किलो करा.

३.६ एमएल कपात नीट मोजता येत नाही, ओरल सिरिंजच घ्या, घरातला चमचा तर नकोच, आणि सस्पेन्शन (ज्यात औषध तळाशी बसतं असं लिक्विड) असेल तर बाटली आधी हलवा. दुसऱ्या सिस्टरकडून चेक करून घेताना तुमचं उत्तर तिला आधी सांगू नका, तिला स्वतः काढू द्या, दोघींचा आकडा जुळला तरच औषध द्या.